बाकावरचे विश्वस्त

विश्वस्तांच्या बैठकीत मी एक विश्वस्त विसरलो. छत्री विसरावी तसा. साठी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला अख्खा माणूस मागच्या पॅसेजमधल्या बाकावर ठेवून मी ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि शीळ घालत बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. बरं, विसरलो तोही कोण, तर किल्लीवाला. अर्ध्या गावाची दारं ज्याने उघडून दिली, त्याला कुलूपबंद करण्याचा मान आमच्या घराण्यात मलाच मिळायचा होता.

हे कसं घडलं ते कळायला आधी आमची संस्था कळायला हवी, आणि ती मला तरी कुठे पुरती कळली आहे. ज्यांना शिकायला, समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, अशा मोठ्या माणसांसाठी ही संस्था आहे. ऑफिसच्या मागे कामाची खोली. तिथे केकच्या दुकानांसाठी पुठ्ठ्याचे खोके तयार होतात. रस्त्यापलीकडे एक बैठं घर. खोके करणाऱ्यांपैकी सहा जण तिथे राहतात. आणि या सगळ्याच्या डोक्यावर विश्वस्त. त्यांना पगार नाही, भत्ता नाही, चहासोबत मिळतात ती बिस्किटंही बहुतेक वेळा मऊ पडलेली. दर महिन्याला येतात, आम्ही काय केलं ते विचारतात, काय करायला नको होतं ते सांगतात, आणि उद्या काही बिघडलं तर जबाबदार मात्र तेच. असला आतबट्ट्याचा उद्योग माणसं आपणहून का अंगावर घेतात, हे कोडं मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पडलेलं आहे.

मंडळाचा एक नियम आहे. ज्या विषयात विश्वस्ताचं स्वतःचं माणूस गुंतलेलं असेल, तो विषय निघाला की त्याने उठून जायचं. मत द्यायचं नाही, ऐकायचं नाही, दारात रेंगाळायचं नाही. मागच्या पॅसेजमध्ये बाक आहे, तिथे बसायचं. विषय संपला की मी बोलवायला जायचं. किल्लीकाकांची धाकटी बहीण समोरच्या घरात राहते, त्यामुळे घराचा विषय निघाला की काका उठतात. आणि आमच्याकडे विषय निघतो तो घराचाच. नळ गळतोय, काका बाकावर. जेवणाची वेळ बदलायची, काका बाकावर. मंडळावर एक दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणतात, "काकांनी संस्थेची निम्मी सेवा पॅसेजमधूनच केली आहे."

त्या दिवशीचा विषय होता घराच्या मुख्य दाराच्या किल्ल्यांचा. आजवर किल्ली असायची घर सांभाळणाऱ्या ताईंकडे. आता राहणाऱ्या सहाही जणांना आपापली किल्ली द्यावी का, असा प्रश्न होता. काकांना ते मान्य नव्हतं. बैठकीत बोलता येत नाही म्हणून ते बाकी सगळीकडे बोलायचे. जिन्यात बोलायचे, फाटकात बोलायचे, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसलेले असतानाही बोलले म्हणे. शेवटी अध्यक्षबाईंनी त्यांना बजावलं, "बाकावर बसायचं म्हणजे तोंडानेसुद्धा बसायचं." बाई मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या असं आपण म्हणायचं. मला मात्र नवल वाटत होतं. ज्याच्या दुकानावर 'कोणतीही किल्ली लगेच' अशी पाटी आहे, तो माणूस सख्ख्या बहिणीच्या किल्लीला आडवा का येतो?

तर ते बाकावर गेले. विषयावर मतदान झालं. मग चहा आला. मग गच्चीच्या गळतीवरून वाद झाला. तेवढ्यात डॉक्टरांना गाल सुजलेल्या कुणाचा फोन आला, ते उठले, त्यांच्या मागे सगळेच उठले. मी कप गोळा केले, पंखा बंद केला. एक खुर्ची रिकामी आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अध्यक्षबाईंच्याही नाही, पण ते मी पुढेही कधी बोललो नाही. नोकरी नवीन आहे.

बसस्टॉपवर शेजारचा माणूस बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता. तो आवाज ऐकला आणि मला बाकावरचे काका आठवले.

पळत परत आलो, कुलूप काढलं, मागे गेलो. काका बाकावर होते. मांडीवर हात, पाठ ताठ, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. शेजारी त्यांची बहीण. तिला सगळे मॅनेजर म्हणतात, कारण कामाच्या खोलीत कुणाचा खोका वाकडा झाला ते तीच सांगते, आणि हळू सांगत नाही. पन्नाशीची बाई, तेल लावलेली घट्ट वेणी, खांद्यावरून तिरकी घेतलेली पर्स. अंगणाकडच्या दाराला आतून फक्त कडी आहे. ते वाजवून ती आत आली होती. म्हणजे काकांना केव्हाही बाहेर पडता आलं असतं.

"विषय संपला का?" त्यांनी विचारलं.

"काका, बैठकच संपली. सगळे घरी गेले. तुम्ही एवढा वेळ... दार वाजवायचं की."

"विषय संपला असं कुणी सांगितलं नाही." ते उठले, कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "अर्धवट विषयात घुसलो असतो तर नियम मोडला असता."

"तो झोपला होता," मॅनेजर म्हणाली.

"डोळे मिटले होते."

"घोरत होता." मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. मला ती नावाने हाक मारत नाही. "ए ऑफिस, मला किल्ली मिळणार का?"

खरं तर असले निर्णय बाईंनी कळवायचे असतात. पण एका दिवसात दुसरी चूक करायला माझी तयारी होती. "मिळणार," म्हटलं. "सगळ्यांना मिळणार. आणि दाराला नवीन कुलूप."

मॅनेजरने पर्सची चेन उघडली, आत बघितलं, बोटाने एक कप्पा मोकळा केला आणि चेन पुन्हा लावली. काकांनी जाताना माझ्या हातातली ऑफिसची किल्ली घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हिचा दात झिजलाय. दुकानात ये."

झाला प्रकार कानावर गेल्यावर बाईंचा फोन आला. "तुम्हाला पाच माणसं मोजता येत नाहीत?" त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, काकांची माफी मागायची. दोन, कुलूप आणि किल्ल्या काकाच करणार आहेत, पण त्याची मजुरी त्यांना देता येणार नाही, कारण विश्वस्ताने संस्थेकडून कमवायचं नसतं. दुसरी गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली. म्हणजे ज्या विषयावर काकांना बोलायला बंदी, त्या विषयाचं काम फुकट करायला मात्र तेच. मी हे काकांना दुकानात जाऊन सांगितलं तर ते हसले. "अरे, मी विश्वस्त झालो तोच असा. बाईंचं कपाट उघडत नव्हतं. उघडून दिलं. म्हणाल्या, मंडळावर याल का? मला वाटलं, मंडळाचीही कपाटं असतील."

त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. आत एक स्टूल, किल्ली कापायचं मशीन, भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि खाली पत्र्याचा एक डबा. कापताना चुकलेल्या किल्ल्या त्यात पडतात. भरला की पितळेच्या भावाने जातो. गिऱ्हाईक आलं की काका आधी किल्ली बघत नाहीत, माणूस बघतात. माझ्यासमोर एक बाई आल्या, घराची आणखी एक किल्ली हवी होती. काका म्हणाले, "सून आली वाटतं घरात." बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय?" काका म्हणाले, "मला काय, मला कापायचीय." बाई हसल्या. सून आलेली होती.

कुलूप त्यांनी एका सुट्टीच्या सकाळी बसवलं. अर्धा दिवस त्या दाराशी खेळत होते. लावून बघ, उघडून बघ, तेल घाल, पुन्हा बघ. नंतर किल्ल्या यायला लागल्या. एकेक करून पाच आल्या. सहावी येईना.

मी विचारायला गेलो की काहीतरी निघायचं. कोऱ्या किल्ल्या संपल्या. भिंतीवर तर लटकल्या आहेत, म्हटलं, तर त्या वेगळ्या म्हणे. मशीनचा पट्टा सैल झाला. पट्टा घट्ट झाला तर चष्म्यातून नीट दिसेना. पाच जणांच्या किल्ल्या ज्या चष्म्यातून झाल्या त्यातून सहावी का होत नाही, हे मी विचारलं नाही. शिंप्याने विचारलं. "काय हो, दुसऱ्यांच्या माणसांना किल्ल्या, आणि स्वतःची बहीण कुलपात?" काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मशीन चालू केलं. मशीनवर काहीच लावलेलं नव्हतं.

इकडे मॅनेजर रोज सकाळी कामावर यायच्या आधी ऑफिसच्या खिडकीशी उभी राहायची.

"ए ऑफिस. आली?"

"नाही."

"कुणाची चूक?"

मी 'मशीनची' म्हणायचो. एक दिवस तिने मान हलवली. "मशीन काय करणार. मी येते."

घरच्या ताई म्हणाल्या, जाऊ दे, तू आहेस ना बरोबर. मी बरोबर होतो हे खरं. पण कोण कुणाबरोबर होतं ते सांगणं कठीण आहे. तिने माझी बाही धरली आणि रस्त्याच्या कडेला उभं केलं. तिचा नियम असा की नजर पोचेल तिथपर्यंत एकही गाडी नसली पाहिजे. आमच्या त्या रस्त्यावर अशी वेळ येत नाही. आम्ही इतके उभे राहिलो की एका टेम्पोवाल्याला वाटलं आम्हाला बसायचंय, तो थांबला. मॅनेजरने त्याला तळहात दाखवला, त्याच्यासमोरून मला ओढत नेलं आणि पलीकडे पोचल्यावर त्याला म्हणाली, "आता जा."

दुकानात काका एका सायकलच्या कुलपात तार घालून बसले होते. बहीण दिसल्यावर तार वाकडी झाली.

"तू इथे कशी?"

"मी गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक आहेस तर रांगेत उभी राहा."

तिने मागे वळून पाहिलं. "रांग नाहीये."

शिंप्याचं मशीन थांबलं. झेरॉक्सवालाही काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला. काकांनी कुलूप बाजूला ठेवलं. "हे बघ, किल्ली घेऊन काय करणार आहेस? ताई आहेत की दार उघडायला."

"ताई झोपल्या की?"

"तेव्हा तू कुठे जाणार आहेस?"

"कुठे नाही. पण उघडणार." मग ती माझ्याकडे वळली, जणू साक्षीदाराला समजावून सांगतेय. "आमचे आबा मला खोलीत ठेवायचे. बाहेरून कुलूप. पाहुणे आले की कुलूप, बाजारात गेले की कुलूप. हा लहान होता. हा खिळ्याने उघडायचा."

मी काकांकडे बघितलं. ते कानस पुसत होते. किल्लीचं काम कुठे शिकलात, असं मी त्यांना आधी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा 'असंच' असं उत्तर मिळालं होतं.

"खिळ्याने नाही," ते हळूच म्हणाले. "आईच्या केसातल्या आकड्याने."

"आकड्याने. मग मी एकदा बाहेर गेले. मग हा पण कुलूप लावायला लागला."

"गेलीस नाही, हरवलीस. दिवसभर. मी दार उघडं टाकून खेळायला गेलो आणि तू..." त्यांनी कानस खाली ठेवली. "माझ्यामुळे हरवलीस."

"मी नव्हते हरवले. मी बसस्टँडवर बसले होते. गाड्या बघत होते. मला माहीत होतं मी कुठे आहे. तुम्हाला नव्हतं माहीत."

शिंपी हसला. काका हसले नाहीत. "आणि घर कुठे आहे? ते माहीत होतं?"

मॅनेजरने विचार केला. ती विचार करते तेव्हा वेणीचं टोक हातात घेते. "ते नव्हतं माहीत."

"मग?"

"मग मी विचारणार होते. त्याच्या आधी तू आलास. रडत." आणि मला म्हणाली, "फार रडत होता. मीच त्याला घरी आणलं."

मग काकांनी भिंतीवरून एक कोरी किल्ली काढली. नमुन्याची किल्ली एका बाजूला, कोरी दुसऱ्या बाजूला, आणि मशीन चालू. पितळेचा भुगा उडाला. नंतर कानशीने एकेक दात घासला, बोट फिरवून बघितलं, पुन्हा घासला. बाकीच्या पाच किल्ल्यांचे मिळून एवढे लाड झाले नसतील. किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "रिंग घे त्यातली कोणतीही."

रिंगा बाहेरच्या पाटीवर अडकवलेल्या होत्या. मॅनेजर त्या एकेक करून बघायला लागली. हे काम ती घाईने करणार नव्हती. तेवढ्यात काकांनी दुसरी कोरी किल्ली काढली आणि मशीन पुन्हा चालू केलं. नमुना तोच.

"ती कुणाची?" मॅनेजर बाहेरूनच म्हणाली.

"गिऱ्हाइकाची."

ती पुन्हा रिंगांकडे वळली. मी बघत होतो, हे काकांनी बघितलं. दुसरी किल्ली शर्टाच्या खिशात गेली.

मॅनेजरने पिवळी रिंग निवडली आणि पर्स उघडली. "किती झाले?"

"काही नाही. मी विश्वस्त आहे, मला मजुरी घेता येत नाही."

"का?"

"नियम आहे."

"मग चहा घे. माझ्या घरी ये. दार मी उघडणार, चहा मी करणार."

काकांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा मजुरीत धरतात का, ते बाईंना विचार रे."

मी गंमत समजलो, पण मॅनेजर मला रोज खिडकीतून विचारायला लागली, तेव्हा विचारावंच लागलं. बाईंनी गंमत समजली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे. पुढच्या बैठकीत घ्या." म्हणजे त्या विषयालाही काका बाकावर जाणार. मी विषयपत्रिकेत लिहिलं: चहा. डॉक्टरांनी ते वाचून फोन केला आणि मला बरं वाटतंय ना, अशी चौकशी केली.

काका बैठकीपर्यंत थांबले नाहीत. एका संध्याकाळी उजेड असतानाच ते समोरच्या घराच्या पायरीवर उभे दिसले. ऑफिसच्या खिडकीतून ते दार सरळ दिसतं. शर्टाला इस्त्री, केसांना पाणी. त्यांनी बेल वाजवली. आपणच कुलूप बसवलेल्या दाराची बेल वाजवताना माणूस थोडा अवघडतोच. आतून खटका वाजला, दार हातभर उघडलं. मॅनेजर. डोक्याला टॉवेल.

खिडकी उघडी होती आणि तिचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे.

"आज नको दादा. आज माझं डोकं धुवायचंय."

"चहा..."

"दुसऱ्या दिवशी. येताना सांगून ये."

दार लागलं. खटका पुन्हा वाजला. आत दोघीतिघी हसत होत्या.

काका तिथेच उभे राहिले. उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. खिशात काय आहे ते त्या रस्त्यावर दोघांनाच माहीत होतं. मी हातातला स्टेपलर खाली ठेवला. त्यांनी दाराकडे बघितलं, खालच्या फटीकडे बघितलं, बिजागरीवर अंगठा फिरवला, जणू तेल कमी पडलंय का बघायलाच आले होते. मग वळले, रस्ता ओलांडला आणि ऑफिसला वळसा घालून अंगणाच्या, दिवसा नुसत्याच लोटलेल्या दाराने पॅसेजमध्ये आले. बाकावर बसले.

मी गेलो. "काका, आज बैठक नाही."

"माहीत आहे." त्यांनी खिशातून किल्ली काढली. दुसऱ्या खिशातून लहान कानस. एक दात घासायला लागले, पुढेमागे, पुढेमागे, तो दात सपाट होईपर्यंत. भुगा पँटवर पडला, तो झटकला. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "उद्या दुकानाकडे येशील तर त्या डब्यात टाक. चुकलेली आहे."

"चांगली होती की."

"कुलूप उघडत होती. म्हणून चांगली म्हणायची का?"

मी म्हटलं, "चहा टाकू का? ऑफिसचा आहे, पण गरम असतो. त्या दिवशीचा बैठकीचा चहाही तुमचा राहिलाय. माफीसुद्धा नीट मागितली नाही मी."

"माफी माग हवी तर," काका उठत म्हणाले. "चहा नको."

"का?"

"तुझा घेतला, आणि तिला कळलं, तर म्हणेल झाला की चहा." त्यांनी दार उघडलं. अंगणाच्या कडेने रस्त्यापलीकडच्या घराची खिडकी दिसत होती, आणि खिडकीत टॉवेल वाळत होता. "तिच्याकडचा बाकी आहे, तो तसाच राहू दे."